चित्र, अक्षर आणि मराठी अंक

मराठी वाचकाची आपल्या काळातल्या चित्रकलेशी पहिली गाठ कलादालनात क्वचितच पडते. ती पडते दिवाळी अंकात. कथा, कविता, ललित लेख, परिसंवाद आणि त्यांच्या अधूनमधून चित्रे, व्यंगचित्रे, रेखाटने असा मजकूर एका बांधणीत घेऊन दरवर्षी शेकडो अंक निघतात. गावच्या वाचनालयात आणि घरगुती लायब्ररीत ते पुढच्या उन्हाळ्यापर्यंत हातोहात फिरत राहतात. जहांगीर आर्ट गॅलरीची पायरी कधीही न चढलेल्या माणसालाही दलालांची बाई, सरवट्यांची रेषा किंवा शि. द. फडणीसांचे शब्दाविना हसवणारे चित्र ओळखता येते, ते या अंकांमुळे.

अशा अंकात चित्र आणि मजकूर शेजारी असतात, पण त्यांचे नाते एकसारखे राहिलेले नाही. कधी चित्र गोष्टीमागून चालले, कधी मुखपृष्ठावर बसून त्याने सगळा अंक खपवला, कधी ते कवितेतच शिरले. संपादकांची आवडनिवड यामागे होतीच, पण छपाईचे तंत्रही तितकेच होते. काय छापता येते, किती खर्चात छापता येते आणि कोणाच्या हाताने छापता येते, यावर मराठी अंकातले चित्राचे स्थान ठरत गेले.

सुरुवात काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’पासून करावी लागते. मित्र मूळचे आजगावकर. त्यांनी १८९५ साली हे मासिक सुरू केले आणि १९०९ साली इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांच्या धर्तीवर त्याचा दिवाळी अंक काढला. मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून तोच ओळखला जातो. चित्रे पाहण्याची सवय लोकांना त्याआधीच लागू लागली होती. मुंबईत १८५७ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले होते, १८९४ पासून रविवर्म्याच्या छापखान्यातली देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघर भिंतीवर लागली होती आणि म. वि. धुरंधर यांच्यासारखा जे. जे.त शिकलेला व तिथेच शिकवणारा चित्रकार पुस्तकांसाठीही चित्रे काढत होता. धुरंधरांनी पुढे ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’ हे आत्मकथन मराठीत लिहिले. चित्रकाराने मराठी गद्य लिहिण्याची परंपरा अशी बरीच जुनी आहे.

त्या काळी चित्र छापायचे म्हणजे ठसा, छापखान्याच्या भाषेत ब्लॉक, करून घ्यावा लागे. ठसे दोन जातींचे. ‘लाइन ब्लॉक’मध्ये फक्त काळी रेघ आणि पांढरा कागद, मधली करडी छटा नाही. जस्ताच्या पत्र्यावर चित्र उतरवायचे, रेघ तेवढी ठेवून उरलेला भाग आम्लाने खायला द्यायचा आणि पत्रा लाकडी ठोकळ्यावर बसवायचा. हा ठसा खिळ्यांच्या ओळींसोबत एकाच चौकटीत आवळता येई आणि साध्या कागदावरही स्वच्छ उठे. ‘हाफटोन’ ठशासाठी चित्राचा फोटो जाळीतून घ्यावा लागे. छटा लहानमोठ्या ठिपक्यांत फुटत आणि ते ठिपके नीट उठायला गुळगुळीत आर्ट पेपर लागे. रंगीत चित्रासाठी प्रत्येक रंगाचा वेगळा ठसा. पिवळा, तांबडा, निळा असे रंग एकावर एक छापताना कागद केसभर सरकला तरी चेहऱ्याला दुहेरी ओठ दिसत.

पुढे जे घडले त्याचे मूळ या खर्चाच्या गणितात आहे. रंगीत पाने महाग, म्हणून ती मोजकीच. मुखपृष्ठ आणि फार तर आत आर्ट पेपरवर चिकटवलेली काही चित्रे. आतल्या साध्या कागदावर कथेसोबत जाऊ शकत होती ती फक्त रेघ. त्यामुळे मराठीत दोन वेगळ्या चित्रकला वाढल्या: मुखपृष्ठाची रंगाने भरलेली आणि कथेच्या डोक्यावरची रेघेची. एकच चित्रकार दोन्ही करी, पण त्याचे दोन हात जणू दोन घराण्यांतले असत.

दोन्ही हात सारखेच चालणारा चित्रकार म्हणजे दीनानाथ दलाल. जन्म गोव्याचा, १९१६ चा, कर्मभूमी मुंबई. त्यांनी असंख्य पुस्तकांची मुखपृष्ठे केली आणि १९४५ साली ‘दीपावली’ हा स्वतःचा अंक सुरू केला. चित्रकारच संपादक झाल्यावर अंकात काय बदलते ते ‘दीपावली’त दिसते. एकेका विषयावरची चित्रमालिका हे अंकाचे स्वतंत्र आकर्षण ठरले. त्यात चित्र गोष्टीची सोबत करण्यासाठी येत नव्हते. ते स्वतःच मजकूर होते आणि शब्द त्याच्या सोबतीला येत. शृंगारनायिकांच्या मालिकेत जुन्या लघुचित्रांची वेलबुट्टी आहे, आणि चेहरे मात्र त्या काळच्या मराठी बाईचे. दलालांच्या रेखाटनांकडे तुलनेने कमी लक्ष गेले. ते दुर्दैव आहे, कारण त्यांची खरी ताकद तिथे आहे. बोरूसारख्या जाड-बारीक होणाऱ्या एका रेघेत ते बसलेल्या माणसाचे वजन दाखवत. १९७१ साली त्यांचे निधन झाले.

रघुवीर मुळगावकरही गोव्याचेच आणि जवळपास त्याच वयाचे. रंग फवाऱ्याने उडवून त्यांनी आणलेला मऊ, चकाकता पोत कॅलेंडरांतल्या देवांना शोभला आणि बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांच्या मुखपृष्ठांनाही. ‘रत्नप्रभा’ हा त्यांचा दिवाळी अंक. समीक्षकांनी मुळगावकरांना ‘कॅलेंडर आर्ट’ म्हणून बाजूला ठेवले, पण छापखान्यात तिरंगी ठशांतून गुळगुळीत त्वचा आणि दागिन्याची चमक उठवणे हे मोठे कसब होते. मूळ चित्र रंगवतानाच ते छपाईत कसे उतरेल हे मनात असल्याशिवाय ते साधत नाही.

विनोदी अंकांनी ठशांपलीकडे जाऊन कागदाशीच खेळ केला. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या ‘आवाज’ची खिडकीचित्रे प्रसिद्ध आहेत. पानाला कापलेल्या खिडकीतून मागच्या चित्राचा तुकडा दिसतो, मनात भलतेच येते आणि पान उलटले की काहीतरी निरागस निघते. तिकडे अनंत अंतरकरांच्या ‘हंस’-‘मोहिनी’ने शि. द. फडणीसांच्या हास्यचित्राला थेट मुखपृष्ठावर जागा दिली. वसंत सरवटे पेशाने अभियंते, सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवी ज्या टोपणनावाने साहित्यिकांची खिल्ली उडवत, त्या ठणठणपाळाला चेहरा आणि हातात हातोडा दिला तो सरवट्यांनी. त्यांना रेषालेखक म्हटले गेले. व्यंगचित्रकलेवर त्यांनी मराठीत जितके नेमके लिहिले तितके क्वचितच कोणी लिहिले असेल.

गंभीर साहित्याच्या बाजूला चित्र वेगळ्या वाटेने आले. ‘सत्यकथा’ आणि ‘मौज’ यांचे घर एकच, गिरगावातल्या खटाववाडीतले. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी तिथे हस्तलिखितावर जो संस्कार केला त्याला तोड नाही. गंगाधर गाडगीळ, जी. ए. कुलकर्णी यांच्या पिढीची कथा तिथे वाढली. चित्रांचा थाटमाट ‘सत्यकथा’चा स्वभाव नव्हता. मात्र त्या वर्तुळात चित्रकलेचा विचार गांभीर्याने होत होता. मर्ढेकर कवितेच्या बरोबरीने सौंदर्यशास्त्र मांडत होते. त्यांच्या ‘सौंदर्य आणि साहित्य’ या ग्रंथाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. द. ग. गोडसे हे नेपथ्यकार, वेशभूषाकार, मुखपृष्ठकार. त्यांनी ‘पोत’ या १९६३ च्या पुस्तकात मराठी मातीची जडणघडण, इथला दगड, इथली वस्त्रे आणि इथली काव्यरचना यांना एका दृष्टीने जोडले. गोडशांचे निबंध वाचताना हा माणूस हाताने काम करणारा आहे हे वाक्यावाक्यात जाणवते. कापडाची वीण, भिंतीचा खडबडीतपणा यांबद्दल ते ऐकीव लिहीत नाहीत.

याच सुमाराला मुंबईत चित्रकलेची भाषा पालटत होती. १९४७ साली सुझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. त्यांतला फ्रान्सिस न्यूटन सुझा गोव्याचा, हरी अंबादास गाडे विदर्भातला. पण मराठी अंकांतल्या कथाचित्रांवर या बंडाचा परिणाम बराच उशिरा दिसला. कथेत नायिका सुंदर, तर चित्रातही ती सुंदरच हवी, ही वाचकाची अपेक्षा मोडायला संपादक तयार नव्हते. ती मोडली ज्यांच्याकडे ठसे करायलाही पैसे नव्हते त्यांनी.

‘शब्द’ हे पहिले ठळक लघुअनियतकालिक, म्हणजे ठरलेल्या तारखेविना थोड्या प्रतींत निघणारा अंक, १९५० च्या दशकाच्या मध्यावर निघाले. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ही तरुण मंडळी त्यामागे होती. ते सायक्लोस्टाइलवर निघे. मेण लावलेल्या कागदावर टंकयंत्राने किंवा टोकदार सळीने कोरायचे. जिथे मेण निघते तिथून शाई झिरपते आणि खालच्या कागदावर उमटते. खिळे जुळवणारा नको, ठसा करणारा नको, छापखान्याच्या मालकाची परवानगी नको. काही शे प्रती निघाल्या की मेणकागद फाटतो, आणि तेवढ्याच प्रती पुरेशा असतात. या यंत्रावर अक्षर आणि रेखाटन एकाच हाताने, एकाच सळीने कोरता येते. कवी आणि चित्रकार यांच्यामधली छापखान्याची भिंत इथे नाहीशी झाली.

ती ज्यांच्यासाठी नाहीशी झाली ते लोकही योग्य होते. कोलटकर कोल्हापूरचे, जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेलेले आणि जाहिरातक्षेत्रात कलादिग्दर्शक म्हणून मोठे नाव मिळवलेले. दिलीप चित्रे कवी, चित्रकार आणि पुढे ‘गोदाम’ या चित्रपटाचे दिग्दर्शक. त्यांच्या घरात मासिकाचे वातावरण आधीपासून होते. वडील पुरुषोत्तम आत्माराम चित्रे बडोद्याहून ‘अभिरुची’ काढत. मर्ढेकरांच्या कवितेला तिथे जागा मिळाली होती.

१९६३ साली अशोक शहाणे यांचा मराठी साहित्याला उभे-आडवे धारेवर धरणारा लेख ‘मनोहर’मध्ये आला. त्याच सुमारास त्यांचे ‘असो’ सुरू झाले. मग ‘फक्त’, ‘येरू’, ‘आत्ता’, ‘वाचा’, ‘भारूड’ अशी एकामागून एक अनियतकालिके आली. नावांतच प्रस्थापित मासिकांच्या भारदस्तपणाशी असलेले वैर आहे. ‘वाचा’ औरंगाबादचे, भालचंद्र नेमाडे आणि चंद्रकांत पाटील यांच्याभोवती उभे राहिलेले. मुंबई-पुण्याबाहेर साहित्याचे केंद्र हलवण्याचा तो यशस्वी प्रयत्न होता. १९६९ साली राजा ढाले आणि त्यांच्या मित्रांनी ‘सत्यकथा’च्या अंकाची जाहीर होळी केली. त्या होळीबद्दल आजही मतभेद आहेत, पण ज्यांना ‘आपली भाषा इथे छापली जाणार नाही’ असे वाटत होते त्यांनी स्वतःची पाने छापायला घेतली होती, हे त्यामागचे वास्तव. गंगाधर पानतावणे यांच्या ‘अस्मितादर्श’ने दलित लेखकांना नियमित व्यासपीठ दिले. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला तो या सगळ्या धामधुमीतून.

हे वारे मराठीपुरते नव्हते. अलाहाबादेत अरविंद कृष्ण मेहरोत्रा असेच सायक्लोस्टाइल मासिक काढत होते. बडोद्यात गुलाम मोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर या दोन चित्रकारांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ चालवले. त्यात लिनोकट छापे, कलेवरचे झोंबरे लेख आणि भारतीय भाषांतल्या कवितांचे अनुवाद एकत्र असत. चित्रकारांनी काढलेले साहित्याचे मासिक म्हणून ‘वृश्चिक’चे महत्त्व मोठे आहे. शेख स्वतः गुजराती कवी, खख्खर गुजराती कथाकार, त्यामुळे चित्र कुठे संपते आणि लेखन कुठे सुरू होते हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारलाच नाही.

अनियतकालिकांची आयुष्ये छोटी होती. बहुतेक दोन-चार वर्षांत थांबली. ‘सत्यकथा’ही १९८२ साली बंद पडली. मागे राहिली ती पुस्तके, आणि पुस्तकाकडे पाहण्याची नजर. अशोक शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने काढलेली कोलटकरांची पुस्तके हातात घेतली की हे कळते. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ १९७७ ची; ‘चिरीमिरी’, ‘भिजकी वही’, ‘द्रोण’ ही नंतरची, कवीच्या शेवटच्या काळातली. कागद, समास, अक्षराचा आकार, ओळीचे तुटणे यांतले काहीही छापखान्यावर सोडलेले नाही. ‘जेजुरी’ ही इंग्रजी कविता १९७६ साली पुस्तकरूपात काढणाऱ्या क्लिअरिंग हाउस या कवींच्याच सहकारी प्रकाशनाची मुखपृष्ठेही कोलटकरांनीच केली. त्यांच्या सोबतीला तिथे आदिल जस्सावाला, मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल होते. पटेल डॉक्टर, कवी आणि चित्रकार.

तोवर ऑफसेट आले होते. ऑफसेटमध्ये सगळ्या पानाचाच फोटो घेतला जातो, त्यामुळे अक्षर आणि चित्र यंत्राच्या दृष्टीने सारखेच. खिळ्यांच्या चौकटीतून सुटलेले अक्षर तिरके, वाकडे, प्रचंड, हाताने लिहिलेले, कसेही येऊ शकते. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत आणि मासिकांच्या शीर्षकांत या स्वातंत्र्याचा भरपूर वापर केला. नाटकाचे नाव वाचण्याआधीच ते विनोदी आहे की गंभीर हे त्यांच्या अक्षरांवरून समजे. र. कृ. जोशी त्याहून पुढे गेले. ते जाहिरातक्षेत्रातले, आयआयटीत शिकवणारे आणि कवी. त्यांच्या आकृतिकवितांत देवनागरीची वळणे, काने, वेलांट्या यांची पानावरची मांडणी हीच कविता असते. ती मोठ्याने वाचून पोचत नाही, बघावीच लागते. संगणकावर कोट्यवधी लोक वापरतात तो ‘मंगल’ हा देवनागरी टंकही त्यांचाच. प्रायोगिक कवितेत अक्षराशी झुंजलेल्या माणसाने रोजच्या अर्ज-पत्रांचे अक्षर घडवले, ही मराठी कलेतली फार मोलाची गोष्ट आहे आणि ती पुरेशी सांगितली गेलेली नाही.

याच प्रवासात चित्रकाराचे मराठी लेखनही प्रौढ झाले. प्रभाकर बरवे यांचे ‘कोरा कॅनव्हास’ मौज प्रकाशनाने १९९० साली काढले. बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत. काही वर्षे बनारसला होते, आणि तिथल्या तांत्रिक आकृतींचा ठसा त्यांच्या सुरुवातीच्या चित्रांवर आहे. पुढे त्यांच्या कॅनव्हासवर घड्याळ, पान, शिंपला, सफरचंद अशा वस्तू एकमेकींपासून अंतर ठेवून, जणू पोकळीत, मांडलेल्या दिसतात. पुस्तकात ते त्या अंतराबद्दलच लिहितात: दोन वस्तूंमधली जागा रिकामी असते का, आकार आणि त्याचे नाव यांचा संबंध काय, न रंगवलेला कॅनव्हास चित्रकाराकडे कसा बघतो. कलेची परिभाषा न वापरता, रोजच्या मराठीत, त्यांनी दृश्यविचार मांडला. कलाशिक्षणाच्या पाठ्यपुस्तकांतून न समजणारी अमूर्त चित्रकला या पुस्तकामुळे अनेक वाचकांना पहिल्यांदा जवळची वाटली. मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात २०१९ साली बरव्यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, तोवर हे पुस्तक कला शिकणाऱ्यांच्या दोन पिढ्यांच्या हातात पोचलेले होते.

चित्रकार सतीश नाईक यांनी १९८७ साली सुरू केलेल्या ‘चिन्ह’ने कलेलाच अंकाचा मुख्य विषय केले. चित्रकारांच्या दीर्घ मुलाखती, आठवणी, वाद आणि पानभर चित्रे असा तो ऐवज. वासुदेव गायतोंडे यांचे मोठे प्रदर्शन न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात २०१४ साली झाले. पण त्यांच्याविषयीच्या सहकाऱ्यांच्या आठवणी ‘चिन्ह’ने त्याआधीच मराठीत गोळा करायला घेतल्या होत्या. फारसे न बोलणाऱ्या या चित्रकाराविषयी अभ्यासकांना आज मराठी साधनांकडे वळावे लागते, त्याचे श्रेय या कामाला आहे.

कवितेच्या बाजूने पुण्यातून निघणारे मंगेश नारायणराव काळे यांचे ‘खेळ’ महत्त्वाचे, कारण संपादक स्वतः कवी आणि चित्रकार. वसंत आबाजी डहाके यांच्यासारखे कवी स्वतः रेखाटने करतात. ‘हाकारा’ हे नाटककार आशुतोष पोतदार यांनी सुरू केलेले नियतकालिक मराठी आणि इंग्रजीत ऑनलाइन निघते. ते एकेक आशयसूत्र घेऊन कवी, कथाकार, निबंधकार आणि दृश्यकलावंत यांना एकत्र बोलावते. पडद्यावर रंगीत पानाला जास्त पैसे पडत नाहीत, म्हणून तिथे चित्रमालिका, छायाचित्रे आणि ध्वनीही मजकुराच्या बरोबरीने येतात. ठशांच्या काळात रंगामुळे पडलेली मुखपृष्ठ आणि आतले पान ही विभागणी तिथे उरलेली नाही.

छापील दिवाळी अंकांत मात्र ती अजून टिकून आहे. मुखपृष्ठाच्या चित्रकाराचे नाव अनुक्रमणिकेच्या पानावर येते. आतल्या रेखाटनकारांची नावे बऱ्याचदा ‘सजावट’ या एका शब्दाखाली एकत्र छापली जातात, आणि कोणते चित्र कोणाचे ते सहीवरून ओळखावे लागते. वारली चित्रशैलीच्या बाबतीत तर सहीही नसते. जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही भिंतीवरची कला कागदावर आणली आणि तिला जगभर नेले. पण अंकांतल्या कोपऱ्या-किनारींसाठी तिच्या आकृत्या निनावी नक्षी म्हणून सर्रास वापरल्या जातात. कथेखाली लेखकाचे नाव न छापणारा संपादक सापडणार नाही. चित्राखालीही तीच शिस्त असायला हवी.

मूळ चित्रांचा प्रश्न आणखी बिकट आहे. ठशांच्या काळात चित्रकाराचा कागद ठसा करणाऱ्याकडे जाई, तिथून छापखान्यात, आणि अनेकदा परत येत नसे. वाचनालयांत अंक बांधून घेताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने काढून टाकण्याची पद्धत होती. मजकूर जपायचा आणि उरलेले टाकायचे, असा तो हिशेब. त्यामुळे दलाल, मुळगावकर आणि त्यांच्या समकालीनांच्या पुष्कळशा कामाची मूळ प्रत म्हणजे आता तो छापील अंकच आहे. तोही आम्लयुक्त कागदावरचा. घडीपाशी पिवळा पडून तुटणारा. जुने अंक स्कॅन करण्याचे काम काही संस्थांनी आणि संग्राहकांनी हाती घेतले आहे. त्यात मुखपृष्ठ ते मलपृष्ठ अशी सर्व पाने, जाहिरातींसह आणि मूळ रंगांत, घेतली गेली तरच चित्र आणि मजकूर एकत्र कसे वाचले जात होते हे पुढच्या वाचकाला पाहता येईल.